फ्लो कमी झाला तेव्हा

दादा बेलापूरच्या एका सरकारी ऑफिसात पाणीपुरवठ्याच्या लाइनींचे नकाशे काढायचा. कुठल्या गावाला किती व्यासाचा पाइप, कुठे चढ, कुठे व्हॉल्व्ह, हे त्याचं रोजचं काम. खारघरच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये त्याने समुद्राच्या पाण्याचा टँक केला तेव्हा आम्हा कुणालाच नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते टँकच्या आतलं बघून. जांभळी, हिरवी, केशरी प्रवाळं, वाऱ्यात शेत हलावं तशी हलणारी. त्यांच्यामधून फिरणारे दोन क्लाउनफिश.

लोक मासे बघायचे, दादा पाइप दाखवायचा. टँकच्या एका कोपऱ्यात फणीसारखी काचेची जाळी होती. तिच्यावरून पाणी सांडून पाइपातून खालच्या कपाटात यायचं. कपाटात दुसरी काचेची टाकी होती, तिला तो सम्प म्हणायचा. तिथे पाणी गाळलं जायचं, मग पंप ते उचलायचा, चिलरमधून थंड करून परत वर टँकमध्ये सोडायचा. दिवसरात्र हेच. शेजारचे म्हणायचे, पलीकडे एवढी खाडी आहे, मीठ विकत आणून पाणी कशाला कालवता? दादा हसायचा. खाडीतलं पाणी घातलं तर संध्याकाळपर्यंत सगळे मरतील म्हणायचा. त्याच्या दृष्टीने जीव माशांत नव्हता, फ्लोमध्ये होता. पाणी थांबलं की संपलं, असं तो सारखं म्हणायचा, आणि आम्ही चहा पीत मान हलवायचो.

हिवाळ्यातल्या एका सकाळी दाढी करता करता त्याला झटका आला. वहिनीने बेसिनमध्ये काहीतरी पडल्याचा आवाज ऐकला. हॉस्पिटलमधून तो घरी आला तेव्हा त्याची उजवी बाजू लुळी होती आणि बोलणं गेलेलं होतं. आपण बोलतो ते त्याला बरंचसं कळत होतं, पण त्याच्या तोंडून एकच शब्द यायचा. 'बस.' पाणी हवं असलं तरी बस, नको असलं तरी बस. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादाच शब्द मागे राहतो, त्याचा अर्थ लावत बसू नका. पण घरातली माणसं अर्थ लावल्याशिवाय कशी राहणार? त्यातून हा शब्द असा, की त्याचा अर्थ खाली बस असाही होतो आणि पुरे असाही.

वहिनी शाळेत शिकवते. शाळा, फिजिओथेरपी, दादाची अंघोळ, जेवण, सगळं तिच्यावर. म्हणून टँकचं काम माझ्याकडे आलं. मी नेरुळला राहते. ऑफिस सुटलं की खारघरला जायचे, माशांना खायला घालायचे, काच पुसायचे, सम्पमध्ये दादाने केलेल्या खुणेपर्यंत फिल्टरचं पाणी भरायचे. दादा चाकांच्या खुर्चीत बसून बघत असायचा. माझ्याकडून काही चुकलं की त्याच्या कपाळावर आठी यायची आणि काय चुकलं ते मला कळायचं नाही. तरी उन्हाळ्यापर्यंत निभावलं.

मे महिन्यात आवाज बदलला. फणीवरून पाणी पडताना जो एकसारखा खळखळाट असायचा, तो पातळ झाला. पाण्यावर तेलकट साय दिसायला लागली. सम्पमधलं पाणी खुणेच्या वर चढलं. वर कमी जातंय म्हणून खाली जास्त साठतंय, एवढं मला कळलं. मधलं मोठं प्रवाळ रोज हाताच्या बोटांसारखं फुलायचं, ते अंग चोरून बसलं.

दादाला माझ्या आधी कळलं असणार. तो डाव्या हाताने कपाटाकडे बोट करायचा. मी दार उघडून एकेका वस्तूला हात लावत विचारायचे. पंप? तो मान हलवायचा. फिल्टर? मान हलवायचा. चिलर? तीच मान, तशीच. वहिनीने एकदा त्याच्या मांडीवर पाट ठेवला, कागद ठेवला, डाव्या हातात पेन्सिल दिली. पट्टी न लावता सरळ रेघ ओढणारा माझा भाऊ. पेन्सिल कागदावर टेकली, थोडी सरकली, वाकडी झाली, पुन्हा त्याच जागी आली. तो त्या गुंत्याकडे बघत राहिला. मग पेन्सिल सोडून दिली. वहिनीने पाट उचलला आणि आत जाऊन बराच वेळ भांडी घासली.

वाशीला एक मत्स्यालयाचं दुकान आहे, दादा तिथून सामान आणायचा. दुकानदाराला मी व्हिडिओ पाठवला. तो म्हणाला, पंपावर चुना बसला असेल, खोलून व्हिनेगरमध्ये बुडवा. आणि तरी फ्लो आला नाही तर पाइपात अडलंय, जॉइंट खोलून बघावं लागेल.

रविवारी सकाळी मी ते काम काढलं. सगळे स्विच बंद केले, फक्त टँकच्या आत पाणी ढवळणारा छोटा पंप चालू ठेवला. वहिनी बॅटरी धरून बसली. पंप खोलला तर आतलं पातं पांढऱ्या खरपुडीने भरलेलं. ते व्हिनेगरमध्ये बुडवलं, जुन्या टूथब्रशने घासलं. दादा खुर्चीतून वाकून बघत होता. पंप लावून चालू केला तेव्हा फणीवरून पाणी जरा जोरात आलं. वहिनी म्हणाली, आला वाटतं. पण थोड्या वेळाने बघितलं तर नेहमीच्या निम्म्यानेही नव्हतं.

म्हणजे पाइप. पंपाच्या थोडं वर एक जॉइंट होता, हाताने फिरवून सुटणारा. मी पंप पुन्हा बंद केला आणि जॉइंट धरला. तो हलेना. मिठाने आणि वर्षांनी घट्ट बसला होता. फडकं गुंडाळून जोर लावला.

"बस," दादा म्हणाला.

मी थांबले. त्याने खुर्चीच्या हातावर थाप मारली.

"बस. बस."

वहिनी म्हणाली, "पुरे म्हणतायत. राहू दे."

मी म्हणाले, "नाही, नीट बसून कर म्हणतोय."

आम्ही दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. तो आमच्याकडे पाहत होता, एकीकडून दुसरीकडे. त्याच्या डोळ्यांत इतकं स्पष्ट काहीतरी होतं, की ते आपल्याला वाचता येत नाही याची लाज वाटावी. मी खाली बसकण मारली, पाय फाकवले, दोन्ही हातांनी जॉइंट धरला आणि पिळला. तो सुटला नाही, तडकला.

पाणी आधी माझ्या मनगटावर आलं, मग कपाटात, मग फरशीवर. पंप बंद होता, तरी पाणी येतच होतं. मला कळेना कुठून. फडकं दाबलं, अंगठा दाबला, पाणी बाजूने निसटत होतं. वहिनी टॉवेल घेऊन धावली, मग बादली आणायला धावली. तेवढ्यात दादाने डावा हात वर केला. वर, आणखी वर. वहिनीला वाटलं, त्याला उठायचंय. तिने बादली टाकली आणि त्याच्या काखेत हात घालून त्याला उचलायला लागली. त्याने तिला ढकललं आणि पुन्हा हात वर केला.

"अहो, उठवते ना, थांबा."

पाणी शेवटी आपोआप थांबलं. मी उठून टँकमध्ये पाहिलं. पाण्याची पातळी बरीच खाली गेली होती, वरची काही प्रवाळं उघडी पडली होती. ज्या तोंडातून पाणी टँकमध्ये यायचं ते तोंड पाण्यात बुडालेलं असायचं, आता उघडं पडलं होतं. पंप बंद असताना त्याच तोंडातून पाणी उलटं खाली ओढलं जात होतं; एरवी ते अडवणारी झडप त्या जॉइंटमध्येच होती, तीही तडकली होती. ते तोंड नुसतं हाताने वर उचललं असतं तर सगळं तिथेच थांबलं असतं. दादा तेच सांगत होता. उचल.

मी त्याला म्हणाले, "कळलं मला. आता कळलं."

त्याने मान फिरवली. त्याचा लेंगा पाण्याने भिजला होता.

सोसायटीचा प्लंबर आला, पण त्याच्याकडच्या जॉइंटची मापं दादाच्या पाइपांशी जुळेनात. दादाने सामान कुठून कुठून मागवलेलं. वाशीचा दुकानदार पुण्याला कुणाच्या कामावर होता. उद्या सकाळी येतो, तोवर पाणी थंड ठेवा म्हणाला. पण पाणी थंड व्हायचं ते चिलरमधून, आणि चिलरपर्यंत पाणी न्यायचं ते त्याच तडकलेल्या पाइपाने.

मग आम्ही हाताने फ्लो करायला घेतला. मी सम्पमधून मगाने पाणी काढायचे, वहिनी स्टुलावर उभी राहून ते टँकमध्ये ओतायची. टँक भरला की पाणी फणीवरून सांडून परत सम्पमध्ये. पुन्हा मगाने वर. दंड भरून आले की जागा बदलायची. त्या एवढ्याशा पंपाने वर्षानुवर्षं काय उचललंय, ते त्या दुपारी खांद्याला कळलं. आणि आम्ही कितीही ओतलं तरी थर्मामीटरचा आकडा वरच सरकत होता.

वहिनीने मजल्यावर सगळ्यांकडे गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या मागितल्या. समोरच्या काकी मूळच्या इथल्याच, सिडकोने शहर वसवायच्या आधीच्या गावातल्या. त्यांनी फ्रीजमधल्या सगळ्या बाटल्या पिशवीत भरून आणल्या. आम्ही त्या टँकमध्ये तरंगत ठेवल्या तशा त्या बघत राहिल्या.

"दर्याचं पानी हाय ना?" त्या म्हणाल्या. "दर्याला कोन बरफ घालतं, बाय?"

त्यांनी टिंगल म्हणून विचारलं नव्हतं. मग त्या दादाजवळ जाऊन बसल्या आणि त्याचा लुळा हात आपल्या मांडीवर घेऊन चोळत राहिल्या. बाटल्या वितळत होत्या. कुणाच्या फ्रीजमध्ये नवीन गोठायच्या आत जुन्या कोमट होत होत्या.

संध्याकाळी मोठं प्रवाळ सैल पडलं. त्याची बोटं लोंबायला लागली, एक सुटून पाण्यात गेलं. क्लाउनफिश त्याच्याजवळून हलत नव्हते. मी दादाची खुर्ची दुसरीकडे वळवायला गेले तर त्याने चाक धरून ठेवलं. म्हणून तो बघत राहिला, आणि आम्ही मगाने पाणी फिरवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुकानदार आला. त्याने चिलरच्या मागचा वाकडा पाइप कापून माझ्या हातात दिला. आत पांढऱ्या, दगडासारख्या नळ्या वाढल्या होत्या. पाण्यातलेच कसले तरी किडे आपली घरं बांधतात म्हणाला. मधे पेन्सिल जाईल एवढीच वाट उरली होती. मी विचारलं, मग तो जॉइंट खोलायलाच नको होता का? तो म्हणाला, खोलावाच लागला असता, आणि तडकलाही असताच, प्लास्टिक जुनं होतं. दादा ऐकत होता. त्याला पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. दुकानदाराने लवचिक पाइप टाकला, पंप चालू केला आणि फणीवरून पाणी धो धो पडायला लागलं. सुरुवातीच्या दिवसांत पडायचं तसं.

पण प्रवाळांना उशीर झाला होता. पुढच्या आठवड्यात एकेक करून त्यांचे रंग उतरले. मांस सुटून जायचं आणि खाली पांढरी हाडं राहायची. पाणी जोरात वाहत होतं, सगळं यंत्र नीट चालू होतं, आणि त्या चांगल्या फ्लोमध्ये ती मरत होती. मी रोज मेलेले तुकडे चिमट्याने काढायचे. दादा दिसणार नाही अशी पाठ करून काढायचे, पण टँक काचेचा, लपणार काय?

चिवट जातीची थोडी प्रवाळं वाचली. ती आम्ही खारघरमधल्याच एका जोडप्याला दिली, त्यांचा असाच टँक आहे. द्यायच्या आधी दादाला विचारलं. पुन्हा पुन्हा, हळू, समोर बसून. त्याने मान हलवली. आम्ही ते हो धरलं. दुसरं काय करणार? त्यांनी नंतर व्हिडिओ पाठवला. वहिनीने फोन त्याच्यासमोर धरला. त्याने शेवटपर्यंत पाहिला आणि फोन हळूच बाजूला सारला. टँकमध्ये आता दगड आहेत आणि दोन मासे.

आता आठवड्यातून दोनदा एक बाई त्याला बोलायला शिकवायला येतात. चित्रं दाखवतात, शब्द म्हणून घेतात. पावसाळा सरता सरता एका संध्याकाळी मी पोचले तर वहिनी दारातच उभी होती, चेहरा फुललेला.

"नवीन शब्द आलाय," ती म्हणाली.

दादा खुर्चीत ताठ बसला होता. मला पाहून त्याने ओठ जुळवले, चेहरा ताणला.

"दार," तो म्हणाला.

वहिनीने लगेच बाहेरचं दार उघडलं. कुणी नव्हतं. तो पुन्हा म्हणाला, दार. मी गॅलरीचं उघडलं, बाथरूमचं उघडलं. वहिनीने लोखंडी कपाट उघडलं, फ्रीज उघडला, सम्पचं कपाट उघडलं. प्रत्येक वेळी आम्ही त्याच्याकडे वळून बघायचो आणि तो आणखी जोर लावून तेच म्हणायचा. घरातली सगळी दारं उघडी पडली. समोरच्या काकी काय झालं म्हणून आल्या आणि उघड्या दारातून सरळ आत येऊन बसल्या. वहिनी रडत होती आणि हसतही होती. दादा दमला, त्याने डोळे मिटले. आम्ही दारं बंद करायला गेलो नाही, न जाणो त्यांतलंच एखादं असेल म्हणून.