मारियामातेच्या शालीचा निळा

एक वेळ सावकार परवडला, पण गुरू म्हणून बाप नको, असं काचवाली म्हणायची आणि खोटं म्हणायची नाही. रंगीत काचा शिशाच्या पट्ट्यांत बसवून चर्चच्या खिडक्या करायच्या, हा बापलेकीचा धंदा. बाबांनी तिला काच कापायला शिकवलं, सांध्यांना कथलाचा डाक द्यायला शिकवलं, पण "छान" म्हणायचं मात्र कधी मनावर घेतलं नाही. तेवढा एक शब्द ऐकायची वाट बघता बघता ती पन्नाशीला आली.

अशात चर्चमागच्या मैदानातला चेंडू बाबांनीच कधीकाळी केलेल्या खिडकीत घुसला आणि मारियामातेची शाल फुटली. खालची काचांची ओळ धड होती, तिला काचवालीनं हातही लावला नाही. शालीसाठी तिनं एक निळी काच निवडून उजेडात धरली आणि झालं!

"हा निळा? नुसतं शेवाळ दिसतंय," बाबा म्हणाले. "आणखी निळी आण."

तिनं आणली. "आणखी." परत आणली. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, त्यांना दूधसुद्धा पिवळं दिसायचं. तिनं तसं सांगून पाहिलं, तर कडाडले, "तुझ्या जन्माआधीपासून काचा बघतोय मी!" शेवटी त्यांनी पसंत केलेली काच शाळेतल्या शाईसारखी भडक होती. काचवालीनं कपाळाला हात लावला, "बरं बाबा" म्हणाली आणि खिडकीत गुपचूप आपण आधी निवडलेली पहिलीच काच बसवली.

मग बाबांचं ऑपरेशन झालं. पट्ट्या निघाल्या तशी त्यांनी चर्चला जायची घाई लावली. बाबा बाकावर बसले आणि वर बघत राहिले. आता शेजारी उभ्या फादरांसमोर आपली शोभा होणार, हे काचवाली धरूनच चालली होती.

"ही मी सांगितलेली काच नव्हे."

"नाही, बाबा."

"म्हणजे माझं ऐकलं नाहीस."

"नाही ऐकलं."

"छान केलंस."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण ते पुसायची उसंत देईल तर तो बाप कसला!

"खालच्या ओळीतला तो सांधा मात्र वाकडा," बाबा म्हणाले. "लाज आणलीस."

"ती ओळ तुमची आहे, बाबा," काचवाली म्हणाली.