गाडीपुढून चालण्याचं काम

सबुरीबाई गेल्या तेव्हा त्यांच्याकडे गाडी शिकलेल्या मुलांनी शिंपीकाकांना गळ घातली, की तुम्ही दोन शब्द बोला. काका उभे राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं, की बाईंचं माहेर कुठलं, घरी कोण होतं, मनात काय असायचं, यातलं आपल्याला ओ की ठो माहीत नाही. बाई गाडी शिकवायच्या आणि काका त्या गाडीपुढून चालायचे, एवढीच ओळख. "चांगल्या होत्या," असं म्हणून ते खाली बसले.

डोळ्यांनी दगा दिल्यावर काकांनी शिवणाचं दुकान बंद केलं होतं. सकाळी ते एका बंद कारखान्याच्या आवारात फेऱ्या मारत. तिथेच बाई नुकती अठरा पूर्ण झालेली मुलंमुली घेऊन येत. गाडीत बाईंच्या पायाशी दुसरा ब्रेक होता आणि तोंडी सदा एकच शब्द, सबुरी. नाव त्यावरूनच पडलेलं.

एकदा बाई गाडीतून उतरून काकांची संथ चाल बघत राहिल्या. काका ओशाळून म्हणाले, होतो बाजूला.

"बाजूला नका होऊ, काका. रोज असेच माझ्या गाडीपुढून चाला. या पोरांना वाटतं, रस्त्यावर सगळे त्यांच्याच वयाचे असतात."

दुकान मिटल्यापासून काकांना कुणी काही काम सांगितलं नव्हतं. ते लगेच हो म्हणाले. सून म्हणाली, हे विकतचं दुखणं कशाला?

बाईंनी आवारात रस्ता ओलांडायला असतात तसे चुन्याचे पट्टे मारले. काकांनी पट्ट्यावर पाय ठेवला, की गाडी थांबायची आणि ते पलीकडे पोहोचेपर्यंत हलायची नाही. हॉर्न नाही, इंजिनाची गुरगुर नाही, आणि हळूच पुढे सरकणं तर अजिबात नाही. एकाने विचारलं, काकांची बॅटरी उतरलीय का? बाई म्हणाल्या, तुझीही उतरेल, तोवर थांब.

पुढे काकांची नातच शिकायला आली. हात चांगला होता, गाडी रेषेत ठेवायची. परीक्षेची तारीख जवळ आलेली, मैत्रिणींना फिरवायचे बेतही ठरलेले. त्या दिवशी काका पट्ट्याच्या मध्यावर आले आणि त्यांना वाटलं, पोरगी आपल्यापायी ताटकळतेय. आयुष्यभर दुसऱ्याला वाट देत आलेला माणूस. ते थांबले आणि हाताने खूण केली, जा तू.

नात निघाली. काकांच्या पाठोपाठ गाडी शिकायला आलेली एक मुलगी पट्ट्यावर उतरली होती. ती काकांना दिसली नाही, काकांच्या आडून नातीलाही दिसली नाही. बाईंनी आपला ब्रेक दाबला. गाडी त्या मुलीच्या गुडघ्यापाशी थांबली.

कुणाला काही लागलं नाही. पण बाईंनी नातीचं नाव परीक्षेतून काढलं. नात आजोबांशी बोलेनाशी झाली. काकांचं ताट वाढलं की ती खुर्ची सरकवून उठून जायची. सून एवढंच म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच."

काकांना चैन पडेना. ते बाईंकडे गेले. चूक माझी होती, पोरीला शिक्षा कशाला, असं चाचरत म्हणाले.

"चूक तुमची होतीच," बाई म्हणाल्या. "पण उद्या रस्त्यावर कुणी तरी भला माणूस तिला अशीच खूण करणार. तेव्हा मी शेजारी नसेन. आता मुद्दाम करा खुणा. रोज करा."

काकांना ते जड गेलं, पण केलं. मध्यावर थांबून ते हात हलवत, जा म्हणत, मानेने विनवत. बाकीची मुलं हसत. नातीचा चेहरा लाल व्हायचा. पहिल्या दिवशी गाडी थोडी सरकलीच. बाई म्हणाल्या, उद्या पुन्हा. मग एका सकाळी काकांनी हात जोडले तरी ती ब्रेकवर पाय ठेवून, काच खाली करून म्हणाली, "आजोबा, तुम्ही आधी पलीकडे व्हा. मागे कोण आहे ते मला बघू दे."

त्या संध्याकाळी तिने स्वतःहून त्यांच्या ताटात वाढलं. पुढच्या खेपेला बाईंनी तिला परीक्षेला पाठवलं आणि ती पास झाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाई तापाने आजारी पडल्या आणि त्यातून उठल्या नाहीत. त्याआधी त्या काकांना शेवटच्या भेटल्या त्या औषधाच्या दुकानाबाहेर. नात गाडी लावायला पुढे गेली होती. बाईंनी विचारलं, "कशी चालवते आता?"

"काय सांगू? मी शेजारी बसून इकडे वळ, तिकडे थांब म्हणतो. ऐकतच नाही माझं."

"मग नीट चालवतेय," बाई म्हणाल्या. "तुम्ही सीटचा पट्टा लावून बसता ना?"

"लावतो."

"लावा. येते मी."