पाच सेकंदांत निघणारं स्टेअरिंग

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आम्ही पोरांनी कॉलेजच्या वर्कशॉपात रेसची छोटी गाडी बांधायला घेतली. माझ्या वाट्याला स्टेअरिंग आलं. अशा गाडीत जागा इतकी अरुंद असते, की स्टेअरिंग जागेवर असताना माणसाला चटकन बाहेर पडताच येत नाही. म्हणून ते एका झटक्यात निघालं पाहिजे. स्पर्धेचा नियमच होता: हेल्मेट, हातमोजे, पट्टे, सगळं घातलेला चालक पाच सेकंदांत बाहेर.

स्टेअरिंगमागे एक कडं. ते ओढलं की आतले बेअरिंगचे छर्रे मोकळे होतात आणि स्टेअरिंग हातात येतं, असं डिझाइन मी काढलं. माझं गाव दिंद्रुड, म्हणून जवळच्या तेलगावला एका लेथवाल्या मिस्त्रींकडे ते बनवायला नेलं. पन्नाशीचा माणूस. उसाच्या सीझनला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची कामं करून हात काळे पडलेले.

"स्टेअरिंग कावून काढायचं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, गाडी पेटली किंवा उलटली तर माणूस आत अडकू नये.

त्यांनी मशीन बंद केलं. "आमचे थोरले भाऊ असेच गेले. ऊस घेऊन निघालते, ट्रॅक्टर कॅनॉलमंदी उलटला. स्टेअरिंग छातीवर. आमी सात-आठ जण ओढायलतो, पण निघंना. पार शेवटपर्यंत बोलत व्हते माझ्यासंगं."

मी ड्रॉइंगच्या कागदाच्या घड्या सरळ करत राहिलो.

तीन दिवसांनी गेलो तेव्हा कडं तयार होतं. ते हातात फिरवत मिस्त्री म्हणाले, "हे लई गुळगुळीत हाय. कडेला उंच काठ ठेवू, बोटं अडकायला. घाबरलेल्या माणसाच्या हातात जोर राहत न्हाई."

"वजन वाढतं, मामा. ड्रॉइंगप्रमाणेच राहू द्या."

"दोन दिवस दे. मी करतो हलकं."

दोन दिवस होते माझ्याकडे. पण ड्रॉइंग माझं होतं, आणि दहावीही न झालेल्या माणसानं त्यात बदल सुचवावा, हे मला रुचलं नाही. हे लिहितानाही लाज वाटते.

वर्कशॉपात आम्ही ते कितीदा तरी काढून पाहिलं. उघड्या हातांनी.

स्पर्धेच्या तपासणीला माझा रूममेट गाडीत बसला. परीक्षकांनी घड्याळ सुरू केलं. हातमोज्यातून कडं सुळकन निसटलं. त्यानं पुन्हा ओढलं, पुन्हा निसटलं. हेल्मेटच्या काचेतून त्याचे डोळे माझ्याकडेच पाहत होते. स्टेअरिंग निघालं तेव्हा नऊ सेकंद झाले होते. दुसऱ्या संधीतही तेच. गाडी ट्रॅकवर उतरलीच नाही.

परतल्यावर रिपोर्ट लिहायचा होता. कुणीतरी म्हणालं, "त्या लेथवाल्यानंच घोळ केला बे." मी कारणाच्या रकान्यात लिहिलं: निर्मितीतील दोष.

महिन्याभरानं मिस्त्रींचा फोन आला.

"निघालं का रे ते झटक्यात?"

"हो, मामा."

"पोरगं आलं भाईर?"

"आलं."

पलीकडचा मशीनचा आवाज थांबला. मग म्हणाले, "थोरल्या वहिनीला सांगितलतं मी, असं काम करायलोय म्हणून. आता सांगतो तिला, झालं म्हणून."

मी बरं म्हणालो.

अजूनही लेथचं काही काम निघालं, तर मी तेलगाव ओलांडून पुढे माजलगावला जातो.