मावळतीचं ऊन आणि बाळकुमच्या काकू

आज संध्याकाळी बाळकुममधून स्कूटरवर येताना मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत आलं. समोरचं काही दिसेना. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन थांबायचं, हे बाबांनी मला शिकवलंय. पण मागून हॉर्न वाजत होते, म्हणून मी तशीच पुढे गेले.

रस्ता ओलांडणाऱ्या एका काकूंना माझा आरसा लागला. त्या पडल्या, हात खरचटला.

मी उठवलं, तर त्याच म्हणाल्या, "सॉरी गं बाळा, माझंच लक्ष नव्हतं."

आणि मी म्हणाले, "असू दे काकू, जपून चाला."

घरी आल्यापासून स्वतःचीच लाज वाटतेय.

तुमच्यापैकी कुणाची आई आज हात खरचटून घरी आली असेल, तर तिला प्लीज सांगाल? चूक तिची नव्हती. मला दिसत नव्हतं, तरी मी थांबले नाही.