रेघ न ओढता

तमिळ मुलखातल्या गुम्मिडिपूंडीच्या आमच्या कारखान्यातून एकालाच सहा महिने जपानला पाठवणार होते, आणि ती मीच असणार हे मी ठरवून टाकलं होतं. तिथे रोजचा अहवाल हाताने लिहावा लागतो, म्हणून सहा आठवड्यांनी एक जपानी वाक्य बिनचूक लिहून दाखवायचं, एवढीच अट होती.

शनिवारी शिकवायला येणाऱ्या तमिळ बाईंनी वाक्य दिलं: किकाइ ओ तोमेते कारा, ते ओ इरेमासु. मशीन थांबवून मगच हात घालायचा. शब्द, व्याकरण आणि कांजी, म्हणजे ती चित्रासारखी अक्षरं, सगळं याच वाक्यातून शिकायचं. पाठांतरात मी पहिल्यापासून पक्की. पुढच्या शनिवारी मोठ्या ऐटीत वही पुढे केली.

बाई वहीकडे बघतच राहिल्या. प्रत्येक शब्द लिहून झाल्यावर मी त्याच्या डोक्यावर आडवी रेघ ओढली होती. शाळेपासूनची सवय, हात आपोआप गेला होता. तमिळला अशी रेघ नसते, त्यामुळे हे छप्पर कशाला ते बाईंना कळेना. कांजीत एक रेघ जास्त झाली की अक्षर चुकलं, एवढं त्यांनी शांतपणे सांगितलं. वर्गातले बाकी सगळे तमिळच; त्यांच्यापैकी एकाच्याही वहीत ही चूक नव्हती. मला स्वतःच्याच हाताचा भयंकर राग आला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मला तेवढी सवड नव्हती. मी मराठीतलीही रेघ बंद केली. मी राहायचे त्या वेस्ट मांबलमच्या खोलीतली वाणसामानाची यादी, डायरी, मिरजेला आईला जाणारी पत्रं, सगळं बिनरेघेचं. कंपनीच्या बसमध्ये बोटाने मांडीवर तेच वाक्य गिरवायचे. चौथ्या आठवड्यात हात वर जाता जाता थबकायला लागला. परीक्षेच्या दिवशी तो वर गेलाच नाही, आणि निवड माझी झाली.

निघण्याआधी मिरजेला गेले. आईने माझी पत्रं जपून ठेवली होती. उघडून बघते तर प्रत्येक शब्दावर पेन्सिलीने रेघ ओढलेली.

"वाचता येत होतं गं," आई म्हणाली, "पण तुझी अक्षरं अशी बोडकी बघवेनात."

मला रडूच आलं. जपानहून तिला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मी सगळ्या रेघा ओढल्या. एकेका शब्दाशी थांबून, हाताला आठवण करून देत.