मी दिलेला उकार

अप्पा सरकारी भूकरमापक होते. उभी नोकरी शेतांच्या हद्दी मोजण्यात गेली, आणि निवृत्त होऊन सोलापुरात माझ्याकडे राहायला आल्यावर मोजायला काहीच उरलं नाही. आई आधीच गेलेली. दिवसभर खिडकीशी बसून समोरच्या इमारतीचे मजले मोजायचे, दुसरं काय करणार! मी बागा आणि आवारं आखून देते, म्हणजे लँडस्केप डिझाइन. एकदा मोजणीचा माणूस आला नाही, तेव्हा टेप घेऊन अप्पा आपणहून उठले. त्या दिवसापासून ते माझ्या कामावर. पांढरी टोपी, खांद्याला पिशवी, पिशवीत वही. संध्याकाळी ती वही माझ्या टेबलावर ठेवताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. त्यावरून मी संगणकावर, कॅडमध्ये, नकाशा काढायची.

सुरुवातीला ते प्रत्येक झाडाचं सगळं लिहायचे. बुंध्याचा घेर, सावली कुठवर पडते, वाळवी लागलीय का. मीच मोठी शहाणी. म्हटलं, अप्पा, एवढं नको, जागा आणि नाव पुरे, बाकीचं सॉफ्टवेअर बघून घेतं. ते बरं म्हणाले आणि तेवढंच लिहू लागले.

अक्कलकोट रस्त्याकडच्या एका शाळेचं आवार नव्यानं आखायचं होतं. भर मे महिना. मी एकदा गेले, ऑफिसात पंख्याखाली चहा घेतला, पुढचं मैदान बघितलं आणि परतले. वर्गांच्या मागच्या बाजूला फिरकलेच नाही. ऊनच तसलं होतं. पण ऊन काय फक्त मलाच लागत होतं? अप्पा त्याच उन्हात दोन दिवस टेप ओढत होते.

त्यांच्या वहीत एक ओळ होती, 'झाड १७, लिंब.' कॅडमध्ये झाडांची तयार चिन्हं असतात. यादीतून नाव निवडलं की त्या झाडाच्या पसाऱ्याएवढा गोल नकाशावर बसतो. माझ्या यादीत 'कडुनिंब' होतं, 'लिंबू' होतं. 'लिंब' नव्हतं. अप्पांचा उकार राहिला असेल, असं म्हणून मी तो मनातल्या मनात देऊन टाकला. एवढासा गोल बसला. वर्गांच्या मागे, प्रार्थनेच्या नव्या चौथऱ्याच्या नेमका मध्ये येत होता. लिंबूच ते, दुसरीकडे दोन लावू, म्हणत मी त्याला 'काढायची झाडं' या लाल रंगाच्या थरात टाकलं आणि पुढच्या झाडाकडे वळले.

आमच्याकडे लिंब म्हणजे कडुनिंब. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी जेऊरजवळच्या गावात जन्मलेली. गोवर आला होता तेव्हा लिंबाचा पाला टाकलेल्या पाण्यानं मला अंघोळ घातली होती, ती अप्पांनीच. पाच वर्षं पुण्यात शिकले काय, आणि घरातला शब्द घालवून बसले.

सुट्टीतच झाड पाडलं गेलं. ठेकेदारानं नकाशात लाल बघितलं आणि करवत लावली, त्याला कशाला दोष देऊ? शाळेच्या चिटणिसांचा फोन आला तशी मी आणि अप्पा दोघंही गेलो. आडवा पडलेला बुंधा माझ्या कवेत मावला नसता. सगळी शाळा त्या झाडाखाली डबा खायची. चिटणीस स्वतः त्याच शाळेत शिकलेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. नकाशा हातात धरून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "इथं लिंबू कुणी लिहिलं?"

मी म्हणाले, "मोजणी वडिलांनी केली होती."

शब्दाशब्दानं ते खरं होतं, म्हणून तर जास्त वाईट. अप्पांनी एकदा माझ्याकडे बघितलं. वही त्यांच्या पिशवीतच होती. ते पान उघडून दाखवलं असतं तर तिथल्या तिथं माझं पितळ उघडं पडलं असतं. त्यांनी पिशवीला हात लावला नाही. टोपी काढली आणि म्हणाले, "माजंच चुकलं साहेब. वय झालं आता."

ज्यांच्या मोजणीवर उभ्या नोकरीत कुणी बोट ठेवलं नव्हतं, ते माझ्यासमोर मान खाली घालून उभे होते. काम माझ्याकडेच राहिलं. वडिलांना मात्र यापुढे पाठवू नका, असं चिटणिसांनी बजावलं. मी हो म्हटलं.

महिनाभर मी विषय टाळला. मग एकदा जेवताना राहवेना. सांगून टाकलं, चूक माझी होती, मला स्वतःची लाज वाटते. अप्पा भाकरी मोडत होते.

"ठावं हाय की," ते म्हणाले. "माजं नाव सांगितलंस, त्याचं काय न्हाय. पर तुला लिंब कळंना, पोरी?"

मला रडू फुटलं. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला आणि खाली बघून जेवत राहिले.

टेप आणि वही त्यांनी दुसऱ्याच दिवशी माझ्या टेबलावर आणून ठेवली. तेव्हापासून ते माझ्याशी फार जपून बोलतात. भाजीवाल्याशी, गावाकडच्या फोनवर अजून लई मोकळं चालतं, व्हय, न्हाय, कुटं, हितं. मी खोलीत आले की थांबतात. परवा मी विचारलं, अप्पा, काही हवंय का? त्यांनी क्षणभर शब्द जुळवले, आणि कचेरीत साहेबांसमोर बोलावं तसं म्हणाले, "मला काही नको आहे. तुम्ही तुमचं काम करा."