हत्तीचा पवित्रा

आमची पोस्ट बारमाही बर्फात होती. धुकं उतरलं की जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. माणसांचे आवाजही झोपेत ऐकल्यासारखे वाटत. ड्यूटी संपली की आम्ही तंबूच्या काठ्या तलवारींसारख्या धरायचो आणि कोणाचा पवित्रा भारी यावर भांडायचो.

हवालदार सतनाम गतकेवाला, म्हणजे शिखांच्या काठी-तलवारीच्या खेळातला. त्याचे पाय एका जागी ठरतच नसत. कॅप्टन साहेब फेन्सिंगवाले. अंग तिरकं, एक पाय पुढे, टोक समोरच्याच्या छातीवर. मी मर्दानी खेळातला, चारी बाजूंनी पट्टा चालवणारा, आणि तोंडही. केरळचा लान्सनाईक बिजू मात्र कळरीतला, म्हणजे त्यांच्याकडच्या जुन्या युद्धकलेतला, हत्तीचा पवित्रा घ्यायचा. गुडघे वाकवून तो इतका खाली बसायचा, की मी म्हणायचो, "अंडी उबवतोस काय रे?"

"पहले हिला के दिखाओ," तो हसून म्हणायचा. कोणाच्या बापाला तो हलला नाही.

एका दुपारी आम्ही चौघं एकाच दोराला बांधून पेट्रोलवर निघालो. बिजू सकाळपासून खोकत होता. विचारलं तर म्हणाला, "ठीक हूँ." चालता चालता पुढचा बर्फ फुटला आणि कॅप्टन साहेब भेगेत गेले. दोराच्या हिसक्याने सतनाम आणि मी तोंडावर आपटलो, कडेकडे घसरू लागलो. मग दोर थांबला. मागे बिजू टाचा रोवून हत्तीच्या पवित्र्यात बसला होता.

मी रेडिओ घेतला. "एक आदमी नीचे. मदत भेजो. ओव्हर."

"होल्ड करो. ओव्हर."

बिजूने होल्ड केलं. आम्ही दोघांनी साहेबांना वर ओढलं आणि बर्फावर पडून वेड्यासारखे हसलो. बिजू तसाच बसलेला. त्याच्या फुप्फुसांत पाणी भरलं होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

साहेब त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले. "बिजू, छोड़ दो. मैं आ गया."

त्याच्या मुठी आम्हालाच सोडवाव्या लागल्या. मी सगळ्यांसमोर रडलो.

आता रिटायर होऊन मनवेलपाड्यात राहतो. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर रविवारी सकाळी मी मुलांना हे सगळे पवित्रे शिकवतो. थंडीत जीवदानीचा डोंगर धुक्यात बुडतो, आणि पाण्याच्या टाकीपाशी कोणीतरी खाली बसलेलं मला दिसतं. मी तिकडे बघत राहतो.

परवा एका मुलीची आई म्हणाली, "काका, हत्तीमध्ये हिला जरा जास्त वेळ बसवा ना. पाय स्ट्राँग होतील."

"नाही," मी म्हणालो आणि मुलीकडे वळलो. "ऊठ, बाळा."

ती टुणकन उठली.